काळ्या खिडकीला ‘बंद हो’ कुणी म्हटलं?

घरातली एकही गोष्ट उघडी राहू द्यायची नाही, एवढंच मी त्या रविवारी ठरवलं होतं. साधी गोष्ट. कुठल्याही आईला पटेल अशी.

त्याचं कारण आमची भिंगरी. मुलगी चालायला लागली की सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या, पण एकाच हातानं, कारण दुसरा हात तिच्या डोक्याखाली धरलेला होता. ही पोरगी चालायला लागली असं म्हणणंही चूकच. रांगायची ती थेट धावायला लागली, मधलं चालणं तिनं गाळलं. त्या दिवसापासून आमच्या घरात टेबलाच्या कोपऱ्यांना जुने मोजे चढले, विजेच्या भोकांवर चिकटपट्ट्या आल्या आणि बादल्या पालथ्या झाल्या. (पाहुण्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं की आधी बादली सरळ करावी लागते, मग नळाला बांधलेलं फडकं सोडावं लागतं. पाहुणे हल्ली पाय धुवून येतात.)

तोंडात जाईल एवढी कुठलीही वस्तू दिसली की ती मी लगेच सुरक्षित ठिकाणी ठेवते. हात आपोआप जातो, डोक्याला विचारत नाही. त्यामुळे ती वस्तू इतकी सुरक्षित होते की पुढे मलाही सापडत नाही. सुईच्या डब्या, ह्यांच्या शर्टाची दोन बटणं आणि आमच्या कंप्युटरचा पेन ड्राइव्ह हे सगळे असेच सुरक्षित झालेले आहेत. जिथे असतील तिथे सुखी असोत.

तर रविवारी जेवताना मी ह्यांना सांगितलं, “अहो, बाथरूमचं दार उघडं राहतं. गॅलरीचं दार उघडं राहतं. कंप्युटरवरची ती काळी खिडकीसुद्धा उघडी राहते, पोरीनं त्यात बटणं बडवली तर माझी सगळी चित्रं जातील. ह्या घरात कुणी काही उघडलं की ते बंद झालंच पाहिजे.”

“हं,” हे म्हणाले.

आमच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली, पण ह्यांच्या ‘हं’मधून आजवर काहीही निघालेलं नाही. छताचा पंखा कुरकुरतो म्हटलं, हं. सिंक तुंबलंय म्हटलं, हं. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहेत. दिवसभर लोकांना वरखाली नेणाऱ्या यंत्रांची गाऱ्हाणी ऐकून ह्यांचे कान संध्याकाळपर्यंत भरून जातात, असं सासूबाई म्हणतात. म्हणून मीही तो ‘हं’ ऐकला आणि भात वाढला.

आता ती काळी खिडकी म्हणजे काय, ते सांगते. मी घरी भरतकामाचं मशीन चालवते. मशीन जुनं आहे, एका बंद पडलेल्या कारखान्यातून आलेलं. सुई अजून तरण्याताठ्या पोरीसारखी पळते, पण डोकं म्हाताऱ्याचं. आजकालच्या कंप्युटरचं बोलणं त्याला कळत नाही. म्हणून आमच्या कंप्युटरवाल्या भाऊंनी एक युक्ती करून दिली होती. कंप्युटरवर ‘पाठव’ नावाचं एक चित्र आहे. त्यावर टिचकी मारली की एक काळी खिडकी उघडते, तिच्यात पांढरी अक्षरं भराभर पळतात आणि मी काढलेलं चित्र वायरमधून मशीनकडे जातं. त्या खिडकीला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. मी काळी खिडकीच म्हणते. कामाला चोख असलेल्या बाईला टोपणनाव असावं.

मंगळवारी माझ्या हातात बालवाडीचं काम होतं. बालवाडीत येणाऱ्या पोरांना नाव वाचता येत नाही, म्हणून तिथल्या बाई प्रत्येकाला एक चित्र देतात. पिशवीवर हत्तीचा बिल्ला असेल तर ती पिशवी हत्तीच्या खुंटीला. ज्याचं कासव, त्याची कासवाची खुंटी. सगळी चित्रं वेगळी, आणि सगळी मी स्वतः कंप्युटरवर काढलेली, एकेक टाका ठरवून. (माझ्या बदकाची मान जरा लांब आहे. तो बदकाचा आणि माझा प्रश्न आहे.) अर्ध्याहून जास्त बिल्ले रविवारच्या आतच झाले होते, सोमवार उरलेल्यांची कापडं कापण्यात गेला. बाई संध्याकाळी न्यायला येणार होत्या आणि बुधवारी शाळेचा पहिला दिवस.

मी भिंगरीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, छत्रीचं चित्र निवडलं आणि ‘पाठव’वर टिचकी मारली.

काळी खिडकी उघडली आणि लगेच मिटली. डोळा मारल्यासारखी.

पुन्हा टिचकी. पुन्हा डोळा.

“आई,” मी म्हटलं, “काळी खिडकी बिघडली.”

“तू काय केलंस?”

“मी काहीच केलं नाही.”

“काहीच केलं नाहीस तर बिघडली कशी? काहीतरी केलंच असशील,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात कंप्युटरला हात लावलेला नाही, पण बिघाडाचं मूळ सुनेत असतं हे त्यांना कुठल्याही यंत्राबाबत सांगता येतं.

ह्यांना फोन लावला. लागला नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना फोन वर पेटीत ठेवायचा असा त्यांच्याकडे नियम आहे. मग मी कंप्युटरवाल्या भाऊंना लावला.

“वहिनी, कमांड प्रॉम्प्ट करप्ट झालाय,” भाऊ न बघताच म्हणाले. “कंप्युटर घेऊन या. फॉरमॅट मारू. एकदम नवीन होईल.”

“आणि माझी चित्रं?”

“कॉपी असेल ना पेन ड्राइव्हवर?”

“आहे,” मी म्हटलं. “सुरक्षित आहे.”

“मग घेऊन या तो.”

“सापडत नाही.”

“मग चित्रं जातील वहिनी. फॉरमॅट म्हणजे सगळी पाटी कोरी.”

माझ्या डोळ्यांसमोर बालवाडीची भिंत आली. एकेका खुंटीपुढे एकेक पोर, आणि शेवटी चारदोन पोरं पिशवी छातीशी धरून उभी, कारण त्यांचं चित्रच नाही. पहिल्याच दिवशी. आया दाराबाहेर. माझी भिंगरी मोठी झाल्यावर अशीच उभी राहील की! पण मी रडणाऱ्यातली नाही. मी काळजी करणाऱ्यातली आहे, आणि काळजी करणाऱ्या माणसाला हात रिकामे ठेवता येत नाहीत.

“भाऊ, फॉरमॅट करायचा नाही,” मी ठणकावून सांगितलं. “पोराच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून डोकं नवीन आणतात का? न पुसता दुरुस्त कसं करायचं ते सांगा.”

“सांगतो. पण हे सोपं नाही.”

“मी झोपलेल्या पोरीची नखं कापते, भाऊ. सोपं मला नका सांगू.”

“बरं,” भाऊ म्हणाले. “कंप्युटर स्वतःच स्वतःला तपासतो. बिघडलेली फाइल सापडली तर बदलून टाकतो. त्याला फक्त एक ओळ लिहून द्यायची. आधी काळी खिडकी उघडा…”

“भाऊ.”

“काय?”

“तीच उघडत नाहीये.”

“हां. हो की.”

कपाटाची किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, तसं झालं. पण भाऊ मुरलेला माणूस. “निळी उघडा,” म्हणाले. “पॉवरशेल म्हणून एक निळी खिडकी असते. त्याच घरातली. काळीचं बरंचसं काम तिला येतं.”

म्हणजे धाकटी जाऊ! इतके दिवस त्या कंप्युटरमध्ये राहत होती आणि मला कुणी ओळखही करून दिली नव्हती. मी निळीला शोधून काढलं.

“तिच्यावर उजवी टिचकी मारा आणि ‘अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ असं असेल ते निवडा,” भाऊ म्हणाले.

“अॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे?”

“घरात ज्याचं चालतं तो.”

मी नकळत सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंगरीच्या मुठीतून स्वतःचा चष्मा सोडवत म्हणाल्या, “कर कर, माझी परवानगी आहे.”

निळी उघडली आणि उघडी राहिली. भाऊंनी एकेक अक्षर सांगितलं, मी एकेक दाबलं. एस, एफ, सी, मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ, मग स्कॅननाऊ. माझं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी वाचताना मी अडखळते, पण रोज धाग्यानं अक्षरं काढून काढून प्रत्येकाचं वळण बोटांना पाठ झालं आहे. एकही टाका चुकला नाही. बटण दाबलं आणि निळी खिडकी तपासायला बसली. किती टक्के झालं ते ती अधूनमधून सांगत होती.

ते टक्के! तापत्या दुधाची राखण करावी तशी मी त्यांची राखण करत बसले. नजर काढली की थांबतात, बघत बसलं की हलत नाहीत. तेवढ्यात भिंगरीनं मशीनखालचा धाग्याचा शंकू पळवला आणि घरभर लाल जाळं विणलं. सासूबाई त्यात अडकल्या. एका हातानं मी त्यांना सोडवत होते, दुसऱ्या हातानं पोरीच्या तोंडातून धागा काढत होते आणि तोंडानं टक्के ओरडून सांगत होते, कारण भाऊ फोनवर होते आणि त्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकंही ऐकत होती. शंभर झाले तेव्हा तिकडून टाळ्या ऐकू आल्या.

“काय लिहिलंय?” भाऊंनी विचारलं.

मी अक्षरं जुळवत वाचून दाखवलं.

“म्हणजे काहीच बिघडलेलं नाही, म्हणतोय तो.”

“अहो, मग ती उघडून मिटते का?”

“तेच मला कळत नाहीये,” भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पुन्हा फॉरमॅटचा वास यायला लागला.

मी शेवटची आशा म्हणून ‘पाठव’वर टिचकी मारली. डोळा. सासूबाई गळ्यातला लाल धागा काढता काढता मागून बघत होत्या.

“अगं, ही मरत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मरणारी वस्तू आधी कुरकुरते, थांबते, अडते. आपला पंखा नाही का? ही बघ कशी निमूट जातेय. उघडली की बंद. ही बिघडलेली नाही, ही आज्ञेत आहे. कुणीतरी ‘बंद हो’ म्हणालंय तिला.” मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “आणि ह्या घरात दिवसभर ‘बंद करा, बंद करा’ कोण म्हणतं, ते मी बोलत नाही.”

“आजी काय म्हणाल्या?” फोनमधून भाऊ ओरडले. “आजी, पायाच पडतो! वहिनी, ऑटोरन! ऑटोरन बघायचं राहिलं!”

कंप्युटरच्या पोटात म्हणे एक जागा असते. तिथे जे लिहून ठेवाल ते काळी खिडकी उघडल्या उघडल्या सगळ्यात आधी करते. त्या जागेला ऑटोरन म्हणतात, आणि ती रजिस्ट्री नावाच्या वहीत असते. “पण जपून,” भाऊ म्हणाले. “तिथे भलतंच पुसलं गेलं तर कंप्युटर उठायचा नाही. आधी त्या पानाची प्रत काढून ठेवू, मग हात लावू.”

प्रत काढून ठेवणारा माणूस मला फार आवडतो. आम्ही प्रत काढली. मग भाऊ सांगतील तशी मी फोल्डरमधला फोल्डर, म्हणजे पिशवीत पिशवी, त्या पिशवीत पिशवी अशी उघडत आत गेले. शेवटच्या पिशवीत ऑटोरन सापडलं आणि त्याच्यासमोर एकच शब्द होता. ई, एक्स, आय, टी.

हा शब्द मला सातवीच्या शिक्षणानं नाही, काळजीनं शिकवलाय. थिएटर असो, दवाखाना असो, कुठेही शिरलं की मी आधी लाल दिव्यातला तो शब्द शोधते आणि त्या दाराजवळची जागा धरते.

“भाऊ, इथे ‘बाहेर पड’ लिहिलंय!”

“पुसा!”

पुसलं. ‘पाठव’वर टिचकी मारली. काळी खिडकी उघडली. राहिली! पांढरी अक्षरं धावली, मशीन खाकरलं आणि सुई छत्रीचा दांडा काढायला लागली. मी सासूबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, “सोड, तुझ्या हाताला धागा आहे.” पण सोडवून काही घेतलं नाही त्यांनी.

सगळं जिथल्या तिथे, फॉरमॅट न करता! संध्याकाळी बालवाडीच्या बाई आल्या तेव्हा शेवटचं बदक गरम गरम मशीनवरून उतरत होतं. बाईंनी बदक हातात घेऊन बघितलं. “मान किती सुंदर काढलीय,” म्हणाल्या. ह्यावर मी काय बोलणार? एका दिवसात माणसाचं किती कौतुक व्हावं!

बाई गेल्या आणि कामावरून हे आले. हातात पिशवी, पिशवीत काहीतरी लोखंडी. आल्या आल्या थेट बाथरूमकडे गेले आणि ठोकाठोक करायला लागले. पण मला कुठे धीर! मी इकडून सगळी हकीकत सांगत होते, तिकडून हातोडी ‘हं’ म्हणत होती.

“आणि तुम्हाला सांगते,” मी शेवटी म्हटलं, “तो शब्द तिथे ज्यानं लिहिला ना, तो माणूस एक तर लबाड असला पाहिजे, नाहीतर बिनडोक.”

हातोडी थांबली.

“काळ्या खिडकीचं म्हणतेस?” हे बाहेर येऊन म्हणाले. “ते मीच केलं. रविवारी दुपारी तू पोरीला घेऊन झोपलीस तेव्हा. व्हिडिओ बघून केलं, चांगले दोन तास लागले.”

“तुम्ही?”

“तूच म्हणालीस, उघडलं की बंद झालंच पाहिजे. लिफ्टच्या दाराचा नियम तोच आहे.”

“अहो, पण लिफ्टचं दार माणूस आत शिरल्यावर बंद होतं ना?”

ह्यांनी विचार केला. “हो. तेवढं राहिलं खरं.”

इतक्या वर्षांत ह्यांनी माझं एक ऐकलं, तेही नेमकं हे! सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना मुलाचंही हसू येत होतं आणि माझंही, म्हणून पदर लांब घ्यावा लागला. मी मात्र रागावले नाही. आजच्या दिवशी मी कुणावरही रागावू शकत नव्हते. कंप्युटरच्या पोटात हात घालून आलेली बाई होते मी.

“जाऊ द्या,” मी मोठ्या मनानं म्हटलं. “बिघडलेलं काहीही न मोडता दुरुस्त करता येतं. फक्त डोकं शांत पाहिजे.”

“हे घे,” म्हणत ह्यांनी माझ्या हातात काहीतरी दिलं. मी माझ्याच बोलण्यात होते. भाऊंच्या दुकानात टाळ्या कशा वाजल्या ते अजून सांगायचं होतं. ते सांगितलं, हातातलं ठेवलं आणि तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले.

मागे दार सावकाश, अगदी लिफ्टसारखं, आपोआप सरकत आलं. खट्ट झालं.

तोंड धुतलं, दार ओढलं. दार हलेना.

“अहो! दार उघडत नाही!”

“उघडायचं नाहीच ते,” हे बाहेरून कौतुकानं म्हणाले. “रविवारी तूच सांगितलंस ना, बाथरूमचं दार उघडं राहतं म्हणून. स्प्रिंग लावली. आतबाहेर दोन्हीकडून कुलूप, पोरीला कुठूनच उघडता येणार नाही. किल्लीनंच उघडतं.”

“मग किल्लीनं उघडा!”

“किल्ली तुला दिली ना आत्ता. एवढीशी होती बघ.”

एवढीशी. म्हणजे तोंडात जाईल एवढी. मी आतमध्ये हात हलवून बघितला. मघाशी हा हात कुठे गेला होता? हाताला माहीत होतं, मला नव्हतं.

“कुठे ठेवलीस?” हे विचारत होते.

“सुरक्षित ठिकाणी.”

मग ह्यांचा आवाज आला, “दार तोडावं लागेल.”

“दाराला हात लावायचा नाही!” मी आतून ओरडले. “न तोडता उघडा!”

“घाबरू नकोस गं,” सासूबाई दाराला तोंड लावून गोड आवाजात म्हणाल्या. “काही बिघडलेलं नाहीये. कुणीतरी ‘बंद हो’ म्हणालंय त्याला, एवढंच.”

भिंगरी बाहेरून दारावर थापा मारून आनंदानं किंचाळत होती. मी डोळे मिटले. शांत डोकं, शांत डोकं. ह्यांनी किल्ली दिली तेव्हा मी कुठे उभी होते? फ्रीजजवळ. फ्रीजच्या वर काय आहे? दूधपावडरचा रिकामा डबा. त्यात काय आहे? कोपऱ्यांना लावून उरलेले मोजे.

“अहो, फ्रीजवरच्या डब्यात! मोज्यात बघा!”

फ्रीजकडे जाणारी पावलं वाजली. डब्याचं झाकण वाजलं. मग एकेक मोजा झटकल्याचा आवाज आला.

“सापडली का?”

“किल्ली सापडली,” हे म्हणाले. “सुईच्या डब्या सापडल्या. माझी दोन बटणं सापडली. आणि एक पेन ड्राइव्ह आहे. ह्याच्यावर चिठ्ठी चिकटवलीय, तुझंच अक्षर. ‘सगळी चित्रं.’ म्हणजे सकाळी फॉरमॅट मारला असता तरी…”

“अहो,” मी आतून म्हटलं, “दार जरा वेळानं उघडलंत तरी चालेल.”